नाट्यगृहाचं रजिस्टर रद्दीत घालू नका

संपादक साहेब, नमस्कार,

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळत होतं तेव्हा मी मोबाईलवर ते व्हिडिओ बघत बसलो होतो, झोप काही लागली नाही. दुसऱ्या दिवशी संगीत नाटकातले मोठे गायक-नट केशवराव भोसले यांची जयंती, ९ ऑगस्ट, आणि आदल्या रात्री त्यांच्याच नावाचं थिएटर पेटलेलं. कोल्हापूरची माणसं रस्त्यावर उभी राहून रडत होती, आणि ती उगाच रडत नव्हती. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये हे थिएटर उभं केलं, तेव्हा त्याला पॅलेस थिएटर म्हणायचे, शेजारी खासबागचं कुस्तीचं मैदान, हे तिथल्या पोरासोरांनाही माहीत असतं. काय जळालं ते त्यांना ठाऊक होतं म्हणून एवढं लागलं.

तेव्हापासून एकच विचार डोक्यात आहे. उद्या आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातलं नगरपालिकेचं नाट्यगृह असं गेलं तर आम्ही नेमकं काय गेलं म्हणून सांगणार? मी गावात दहा-बारा जणांना विचारलं की आपलं नाट्यगृह कुठल्या साली सुरू झालं, पहिला प्रयोग कुठला झाला. एकालाही सांगता आलं नाही. कोनशिलेवर उद्घाटन करणाऱ्या पाहुण्यांची नावं आहेत, पहिल्या दिवशी तोंडाला रंग लावून उभं राहिलेल्यांचं एकही नाव नाही.

मग आम्ही तीन-चार जणांनी ठरवलं की जुनी बुकिंगची रजिस्टरं मिळवायची आणि त्यावरून एक छोटं प्रदर्शन करायचं. ऑफिसात गेलो तर कळलं की रंगकाम काढलं तेव्हा ते सगळे गठ्ठे रद्दीत गेले. माणसं वाईट नव्हती हो, चहा पाजला, शोधाशोध पण केली, पण त्या वह्यांचा कुणाला काही उपयोग असेल हे त्यांच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

साहेब, त्या रजिस्टरमध्ये काय असतं बघा. तारीख, सकाळ दुपार की रात्र, कार्यक्रमाचं नाव, घेणाऱ्याचं नाव, भाडं, डिपॉझिट, एवढंच. पण तीस वर्षांची रजिस्टरं शेजारी शेजारी ठेवली की गावाचा इतिहास आपोआप वाचता येतो. रविवारची रात्र आधी कुणाला मिळायची आणि नंतर कुणाला मिळायला लागली, पुण्या-मुंबईच्या नाटकांचे दौरे कधी कमी झाले, शाळांची स्नेहसंमेलनं कधी वाढली, हौशी ग्रुपने तालमीसाठी रंगमंच मागितला तर त्यांना दिला का हॉल रिकामा ठेवला, एखादं मंडळ दहा वर्षं दरवर्षी एक नाटक करत होतं आणि मग त्याचं नाव अचानक दिसेनासं झालं, हे सगळं त्यात असतं. राज्य नाट्य स्पर्धेत आपल्या गावचं कुठलं नाटक गेलं होतं हे बऱ्याचदा अशा नोंदीवरूनच कळतं, कारण रंगीत तालीम इथेच झालेली असते.

आणि लहान गावांचा इतिहास म्हणजे काही किरकोळ गोष्ट नाही. मराठी नाटकाची सुरुवातच मुळात पुण्या-मुंबईत झालेली नाही! १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं ते सांगलीत, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने, आणि तेव्हा काही थिएटर बिएटर नव्हतं. मुंबईला भाव्यांचे खेळ झाले ते त्यानंतर जवळजवळ दहा वर्षांनी, १८५३ मध्ये. बालगंधर्व किर्लोस्कर नाटक मंडळीत आले १९०५ ला आणि शकुंतला म्हणून पहिल्यांदा उभे राहिले ते मिरजेत. नाटककार देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे, नाटककार खाडिलकर सांगलीचे. केशवरावांनी ललितकलादर्श ही नाटक कंपनी काढली १९०८ मध्ये, ती हुबळीला. आणि १९२१ साली बालगंधर्वांबरोबर दोन्ही कंपन्यांनी मिळून केलेला तो संयुक्त 'मानापमान' गाजवून त्याच वर्षी हा माणूस गेला, वय फक्त एकतीस. सांगलीत दरवर्षी ५ नोव्हेंबरला रंगकर्मींना भावे गौरव पदक देतात, म्हणजे तिथे ही आठवण जागती ठेवलीय. सांगली-कोल्हापूरला जमतं तर बाकीच्यांना का जमू नये?

त्या काळी नाटक कंपन्या गावात आल्या की मुक्काम ठोकायच्या, एक-दोन प्रयोग करून गेल्या असं नसायचं. बरोबर रंगवलेले पडदे, राजवाडा, जंगल, रस्ता, पुढे ऑर्गन आणि तबला, आधी कंदील मग गॅसबत्त्या. लोक बैलगाड्या जोडून यायचे आणि पहाटे परत जायचे. मग बोलपट आले, १९३२ ला मराठी बोलपट सुरू झाला आणि पुढच्या काही वर्षांत मोठमोठ्या कंपन्या मोडल्या, कितीतरी थिएटरांत नाटकाच्या जागी सिनेमाचे खेळ लागले. पुढे बऱ्याच गावांत नगरपालिकांनी स्वतःचे हॉल बांधले म्हणून तर आमच्या पिढीला गावात बसून नाटक बघता आलं, हे उपकार मी विसरलेलो नाही. पण बांधलं तेव्हा उत्साह होता, नोंद ठेवायचं काम कुणाच्याच वाट्याला दिलं नाही.

आता कागद गेले तर गेले, माणसं अजून आहेत. आमच्याकडे लाइटचं काम बघणारे एक काका आहेत, ऐंशीच्या पुढचे, त्यांना कुठल्या नाटकाला कुठल्या विंगेत कोण उभं होतं ते आठवतं, तिसऱ्या घंटेला लाइट गेले तेव्हा गावातून गॅसबत्त्या गोळा करून प्रयोग पुरा केला ते आठवतं. दोन तास बसून मोबाईलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं, अजून निम्मंही झालेलं नाही. असे डोअरकीपर, पडदा ओढणारे, खुर्च्यांचा प्लॅन घेऊन तिकीट खिडकीवर बसणारे, मेकअपवाले प्रत्येक गावात आहेत. त्यांच्याकडे आजवर कुणी विचारायला गेलेलं नाही.

नगरपालिकांना माझी मागणी फार मोठी नाही. नाट्यगृहाच्या दुरुस्तीसाठी लाखो रुपयांची टेंडरं निघतात, एसी बसतात, खुर्च्या बदलतात, त्यातच एका लोखंडी कपाटाची सोय करा आणि बुकिंगची रजिस्टरं, हँडबिलं, फोटो त्यात ठेवा, पानांचे फोटो काढून कम्प्युटरवर पण टाका. आणि प्रवेशद्वारात कोनशिलेशेजारी एक बोर्ड लावा, पहिला प्रयोग कुठला, कुणी केला, कलाकार कोण.

आणि एक विनंती तुम्हाला, साहेब. तुमच्या जिल्हा पुरवणीत आठवड्याला अर्धा कॉलम या कामासाठी द्या. एका आठवड्यात एका गावाचं नाट्यगृह, वाचकांनी घरातली जुनी हँडबिलं आणि ग्रुप फोटो पाठवायचे. आमच्या काकांचं रेकॉर्डिंग कागदावर उतरवायचं काम मी सुरू केलंय, पहिला लेख म्हणून ते पाठवायला मी तयार आहे.

आपला,
एक नाट्यरसिक वाचक