पेंढा भरलेले पक्षी भंगारात काढू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काँगोच्या सदाहरित जंगलात मोराची एक जात राहते, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. या मोराला लांब पिसारा नसतो. अंग गडद निळे, त्यावर हिरवी-जांभळी झाक, गळ्याची कातडी उघडी आणि लाल, डोक्यावर पांढरा ताठ तुरा. लांडोर तांबूस, पाठीवर हिरवी. फळे, बिया, किडे टिपत हा पक्षी दाट झाडीखाली जमिनीवरच वावरतो. तेथील शिकाऱ्यांना तो माहीत होता. शास्त्रज्ञांना मात्र 1936 पर्यंत त्याचा पत्ता नव्हता.

अमेरिकी पक्षितज्ज्ञ जेम्स चॅपिन यांना 1913 मध्ये इतुरीच्या जंगलात शिरोभूषणात खोवलेले एक पीस मिळाले. ते कोणत्याच पक्ष्याशी जुळेना. चॅपिन यांनी ते वीसेक वर्षे जपून ठेवले. पुढे ब्रसेल्सजवळच्या एका संग्रहालयात त्यांना अडगळीत ठेवलेले दोन पेंढा भरलेले पक्षी दिसले आणि पिसाचा उलगडा झाला. त्यांच्यावर चिठ्ठी होती ती भारतीय मोराच्या पिलांची! ते पक्षी कोणी टाकून दिले असते तर?

आपल्या रानपिंगळ्याची, म्हणजे रानात राहणाऱ्या एका लहान घुबडाची, हकीकत अशीच. संग्रहातल्या एका नमुन्यावर 1914 ची खोटी नोंद होती. अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी उघडी पाडली, खरे जुने नमुने कुठले ते तपासून त्या भागांत शोध घेतला, आणि 1997 च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा दिसला. त्याआधीची शेवटची खात्रीची नोंद होती 1884 ची!

हे लिहिण्याचे कारण असे, की आपल्या जुन्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांत असे नमुने कपाटांतून पडून आहेत. जागा हवी म्हणून ते बाहेर काढले जातात. पक्षी टिकला तरी चिठ्ठी फाटते, आणि कुठला, कधीचा हे कळेनासे झाले की त्या नमुन्याचा अभ्यासाला काडीचा उपयोग राहत नाही. काँगोतला मोर आज फासे, शिकार आणि खाणींमुळे अडचणीत आहे. पूर्वी तो कुठवर होता हे सांगायला तिथेही जुन्या नोंदीच कामी येतात.

विद्यापीठांनी संलग्न महाविद्यालयांकडून अशा नमुन्यांची यादी मागवावी आणि प्रत्येक चिठ्ठीचे छायाचित्र घ्यावे. ज्यांना सांभाळणे जमत नाही त्यांनी नमुने बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला किंवा भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुण्यातील केंद्राला विचारल्याशिवाय हलवू नयेत.

– एक निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षिका, सातारा