टाचदुखी, तुझे सेफ्टी शूज आणि एक स्टूल

नागपूर, रविवार रात्र

प्रिय गोट्या,

परवा तू फोनवर सांगून राहिला होता ना, का सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला का टाचेत खिळा ठोकल्यासारखं होते, आणि नेमके तेव्हाच माझ्या काउंटरवर चार-पाच जण चिठ्ठ्या घेऊन उभे, म्हणून "करतो बे नंतर" म्हणून फोन ठेवला. धंतोलीतल्या मेडिकलवर संध्याकाळी सहानंतर फोन म्हणजे गुन्हाच आहे, सगळ्या डॉक्टरांची ओपीडी एकाच वेळी सुटते. आज सुट्टी आहे तर निवांत लिहून राहिलो. लांब होईल. बसून वाच, कारखान्यात लाइनवर उभ्या उभ्या नको वाचू.

पहिले हे पाहा. सकाळची पहिली काही पावलं जीव जातो, मग चालता चालता जरा सुटते, मग शिफ्ट संपता संपता परत चढते, आणि जेवायला बसून उठला का पुन्हा सकाळसारखंच, असंच आहे ना? आणि अंगठ्याने दाबलं तर टाचेच्या खाली, थोडं आतल्या बाजूला, एका ठिकाणी बरोब्बर कळ येते? मग बहुतेक तेच आहे जे मला झालं होतं, प्लांटर फॅशिआयटिस. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळपायाखालून एक जाड पट्टा जातो, पायाची कमान त्याच्यावरच टिकून असते. आपण दिवसभर काँक्रीटवर उभे राहतो तर तो ताणलेलाच राहतो आणि हाडाला जिथे चिकटतो तिथे बारीक बारीक इजा होत राहते. रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेलं असते, पट्टा आखडून बसतो, आणि सकाळी सगळं वजन एकदम त्याच्यावर पडते. म्हणून पहिलं पाऊल सगळ्यात वाईट.

तुझ्या त्या सुपरवायझरने सांगितलं ना "हाड वाढलं असेल, ऑपरेशन लागते", त्याचं ऐकू नको. एक्स-रेमध्ये टाचेचं हाड टोकदार वाढलेलं दिसते खूप लोकांना, पण त्यातल्या कित्येकांना काडीचं दुखत नाही, आणि ज्यांना भयंकर दुखते त्यातल्या कित्येकांचं हाड साफ असते. ऑपरेशनपर्यंत फार कमी लोकं जातात. बहुतेकांचं व्यायाम-बूट-आराम यानेच सुटते, फक्त वेळ लागतो, सहा महिने ते वर्ष असा हिशोब धर. डॉक्टर हे पहिल्या दिवशी सांगत नाहीत म्हणून लोकं पंधरा दिवसांत डॉक्टर बदलतात, मी रोज पाहतो, एकाच टाचेच्या तीन वेगवेगळ्या चिठ्ठ्या.

आता गोळ्या. तू विचारलं होतं "कोणती स्ट्राँग घेऊ", तर मी विकणारा माणूस असून सांगतो, रोज नको घेऊ. डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक ही सगळी एकाच घराण्यातली औषधं, दुखणं दाबतात, थोडे दिवस डॉक्टरने दिली तर ठीक. पण रिकाम्या पोटी, रोज, महिनोन्‌महिने म्हणजे पोटात अल्सर, बीपी वाढणं आणि किडनीवर लोड. तुला माहीत आहे का, आपल्याकडची गिधाडं गेली ती याच डायक्लोफिनॅकने, गुरांना टोचायचे, मेलेलं ढोर गिधाडाने खाल्लं का त्याची किडनी फेल, म्हणून 2006 मध्ये सरकारने जनावरांसाठी ते बंद केलं. माणसाची किडनी तेवढी नाजूक नाही हे खरं, पण ही गोष्ट मी काउंटरवर सांगतो तेव्हा लोकं गोळ्यांचा पत्ता परत ठेवतात, मालक मात्र माझ्याकडे पाहत राहतो. आणि दाबून उभा राहिला तर इजा चालूच राहते ना बे, फक्त तुला कळत नाही. टाचेत स्टेरॉइडचं इंजेक्शनपण देतात, महिना-दोन महिने मस्त वाटते, पण पुन्हा पुन्हा घेतलं तर टाचेखालची चरबीची गादी पातळ होते, कधी पट्टा तुटतोपण. शेवटचा उपाय समज.

करायचं काय ते सांगतो. सकाळी डोळे उघडले का लगेच खाली नको उतरू. पलंगावरच बस, दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर आडवा घे, हाताने बोटं नडगीकडे ओढ, तळव्यात तार ताणल्यासारखी लागली पाहिजे, दहापर्यंत मोज, सोड, असं दहा वेळा. हेच डबा खाऊन उठायच्या आधी, आणि बसमधून उतरायच्या आधीपण. मग पोटरी. भिंतीला हात, दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली, पुढे झुकायचं, अर्धा मिनिट. पोटरी आखडलेली असली का टाच कधीच सुटत नाही, आणि उभ्याने काम करणाऱ्या सगळ्यांची आखडलेली असते. थोडं कमी झालं का मग पायरीवर उभा राहून, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून टाचा हळूहळू वर-खाली, हे एक दिवस आड. कंटाळवाणं आहे भाऊ, जाम कंटाळवाणं, कोणाला सांगायलापण मजा येत नाही, पण काम हेच करते.

संध्याकाळी पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये जमवून तिच्यावर तळवा फिरवायचा, पाच-दहा मिनिटं, मोजा घालून. आमच्याकडे मे महिन्यात मला हे एवढं आवडायचं का घरचे बाटलीसाठी भांडायला लागले. पण तुझ्या बाबांना हे नको सांगू, त्यांना शुगर आहे, तळव्याला गार-गरम कळत नसेल तर चामडी जळून जाते आणि पत्ता लागत नाही. आई म्हणेल रुईचं पान गरम करून बांध, विटेचा शेक दे. बांधू दे, शेकाने बरं वाटते, माझ्या आईनेपण बांधलं होतं, फक्त चीक डोळ्याला लागू देऊ नका, रुईचा चीक डोळ्यासाठी लय वाईट.

तुझे सेफ्टी शूज कंपनी देते, बदलता येणार नाहीत, पण आतला सोल बदलता येतो. तो कार्डबोर्डसारखा इनसोल काढून फेक आणि कमानीला आधार देणारा टाक, किंवा साधे सिलिकॉनचे हील कप, आमच्याकडे 200-300 रुपयांपासून मिळतात. दोन्ही पायांत टाक, एकातच टाकला तर कंबर धरते. बूट घ्यायचेच झाले तर संध्याकाळी घे, दिवसभर उभं राहून पाय सुजलेला असतो, तोच खरा नंबर. आणि घरी अनवाणी फिरू नको, फरशी ती फरशीच, जाड सोलची एक चप्पल घरातच ठेव. झिजलेली हवाई चप्पल म्हणजे अनवाणीच.

पण खरं सांगू का, मला सगळ्यात जास्त फरक कशाने पडला तर स्टुलाने. एक उंच स्टूल. आमच्या दुकानात पहिले नव्हतं, मालकाचं म्हणणं गिऱ्हाईक आलं आणि माणूस बसलेला दिसला का दुकान सुस्त वाटते. मला हे गणित कधीच समजलं नाही. तू आठव, लहानपणी आपण तुझ्या आत्याच्या लग्नाच्या साड्या घ्यायला इतवारीत गेलो होतो, पांढऱ्याशुभ्र गाद्या घातलेल्या, चपला बाहेर, शेठ बसलेला, साड्या उलगडणारा माणूसपण बसलेला, आपणही बसलेलो आणि चहा पिऊन राहिलो. कोणाला सुस्त वाटलं होतं का? विक्री तर धडाधड होत होती. मग काचेचे काउंटर आले, एसी आला, आणि गादीवरचा माणूस उभा झाला. सीताबर्डीवर जा कधी दिवाळीच्या आधी, त्या शोरूममधल्या पोरी सकाळपासून रात्रीपर्यंत उभ्या, गिऱ्हाईक नसलं तरी उभ्या, भिंतीला टेकल्या तरी कॅमेऱ्यात दिसते.

केरळमध्ये याच्यावर बायकाच उठल्या. कोझिकोडच्या कापडबाजारातल्या सेल्सगर्ल, त्यांना आधी लघवीला जायची सोय नव्हती, तिथून सुरू झालं, विजी नावाच्या एका टेलरबाईने पेनकूट्टू म्हणून संघटना उभी केली आणि मग बसायचा हक्क मागितला. 2018 मध्ये केरळने दुकानांचा कायदा बदलला, 2021 मध्ये तमिळनाडूने. आणि तुझ्यासाठी तर गंमत म्हणजे कारखान्यांमध्ये हे जुनंच आहे, 1948 च्या फॅक्टरी कायद्यात 44 व्या कलमात लिहिलेलं होतं का ज्यांना उभ्याने काम करावं लागते त्यांच्यासाठी बसायची सोय ठेवा, म्हणजे मधात सवड मिळाली का टेकता येईल. कामगार सुरक्षेच्या 2020 च्या नवीन कोडमध्येपण उभ्याने काम करणाऱ्यांच्या बसण्याचं आहे. तर तू सुपरवायझरला भांडायला नको जाऊ, एचआरकडे जा, दोघं-तिघं मिळून जा, आणि एकदम खुर्ची नाही म्हटलं तर निदान पायाखाली रबराची जाड मॅट आणि एक पाय आळीपाळीने टेकवायला बुटका पाट मागा. हा पाट काही खर्चाची वस्तू नाही, आमच्याकडे औषधांचा रिकामा क्रेट उलटा करून ठेवला आहे, एक पाय वर, थोड्या वेळाने दुसरा. कमरेलापण बरं पडते.

आमच्या मालकाला मी कायदा नाही सांगितला. त्याच्याच बायकोची टाच धरली तेव्हा स्टूल आलं. असंच असते.

एक मात्र ध्यानात ठेव. टाचेत मुंग्या येतात, आग होते, रात्री झोपेतपण ठणकते, दोन्ही बाजूंनी टाच दाबली तर असह्य होते, का सकाळी कंबरपण तासभर आखडलेली राहते, यातलं काही असलं तर हे सगळं बाजूला ठेव आणि हाडाच्या डॉक्टरला दाखव, ती वेगळी भानगड असू शकते. आणि कोणी नुसतं टाच दुखते म्हणून युरिक अ‍ॅसिडपासून सगळी पॅकेजवाली तपासणी लिहून दिली तर मला चिठ्ठीचा फोटो पाठव आधी.

वजनाचं मी बोलणार नव्हतो, पण तू फोटो टाकला मागच्या आठवड्यात, त्यात पोट पाहिलं. बस, एवढंच.

आता बुटाचा नंबर पाठव, 9 आहे का 10 ते विसरलो. हील कप दुकानातून कुरियर करतो, माझ्या रेटमध्ये पडतील, पैसे नको देऊ, पोळ्याला येशील तेव्हा तर्री-पोहे तुझ्याकडून. काकूंना नमस्कार सांग, आणि बाबांची शुगरची गोळी संपली असेल तर तेपण कळव, सोबतच टाकतो.

तुझा,
मेडिकलवाला