बिब्बा नको, पायाखाली उशी घ्या

संपादक साहेब, नमस्कार.

धानाची रोवणी संपत आली की आमच्या भंडारा-गोंदियाकडच्या कोणत्याही गावात जा, बायांचे गुडघे नाहीतर घोटे सुजलेलेच दिसतील. दिवसभर बांधीत चिखलात वाकून राहायचं, घरी आल्यावर चूल आहेच, आणि मग रात्री कोणीतरी बिब्बा गरम करून गुडघ्याला लावून देते. त्यानं कातडी भाजते, फोड येतात, सूज तशीच आणि वरून जखम. हे बंद व्हावं म्हणून लिहितो आहे, कारण तोंडी सांगितलं तर घरची म्हातारी माणसं ऐकत नाहीत, पेपरात आलेलं मात्र ऐकतात.

संध्याकाळी दोन्ही पायांवर येऊन सकाळपर्यंत उतरणारी थकव्याची सूज असेल तर तिला पैसे लागत नाहीत. आडवं व्हायचं, पायाखाली उशी नाहीतर गोधडीची घडी, पाय छातीपेक्षा वर, आणि पडल्या पडल्या पंजे वर-खाली हलवत राहायचे म्हणजे पोटरी दाबल्या जाते आणि साचलेलं पाणी वर सरकते. लोणचं-पापड कमी. गुडघा मुरगळून नवीन सुजला असेल तर पहिले दोन दिवस शेक नको, चोळणं तर अजिबात नको, थंड पाण्याची पट्टी ठेवा. जुन्या आखडलेल्या गुडघ्याला शेक चालतो. दुकानातल्या सुट्या दुखण्याच्या गोळ्या रोज खाऊ नका, त्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि किडनीला त्रास देतात, बीपीवाल्यांना तर जास्तच.

आपल्या भागात हत्तीपाय आहे हे तर विसरूनच चालत नाही. हत्तीपायवाल्याच्या बोटांमधल्या चिखल्यांतून जंतू आत गेले की थंडी वाजून ताप येतो, पाय लाल होतो, आणि दर वेळी सूज अजून वाढते. म्हणून त्यांनी रोज साबण-पाण्यानं पाय धुवायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, चिखल्यांना मलम लावायचं, एवढंच नेमानं केलं तरी ताप येणं खूप कमी होते. ताप असताना शेक आणि मालिश नको, दवाखान्यात जा. आणि आशाताई हत्तीपायाच्या मोहिमेत गोळ्या घेऊन येतात ना, त्या खिशात ठेवू नका, जेवण करून तिच्यासमोरच गिळा. पाय चांगले आहेत तरी गिळा, कारण हत्तीपायाचा जंतू रक्तात वर्षानुवर्षं राहतो आणि कळत नाही, डास मात्र तो एकाकडून दुसऱ्याकडे नेतो. गरोदर बाया, दोन वर्षांखालची पोरं आणि खूप आजारी माणसं सोडून सगळ्यांनी गोळ्या गिळायच्या.

एकच पाय अचानक सुजून पोटरी दुखली, सुजेसोबत दम लागला, सकाळी डोळ्याखाली सूज दिसली किंवा लघवी कमी झाली तर घरी काही करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा, रक्ताची गाठ, हृदय नाहीतर किडनी असू शकते.

साहेब, हे पुढच्या रोवणीच्या आधी मोठ्या अक्षरात एकदा छापा, आमच्याकडे पेपर एक येतो आणि दहा जण वाचतात.

आपला एक वाचक,
ता. पवनी, जि. भंडारा