मुलीच्या खात्यातले पैसे सहा महिने हलवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी मखमलाबादचा द्राक्ष बागायतदार. माझ्या मुलीचे सासर इंग्लंडमधल्या लेस्टरला आहे. तिच्या स्पाउस व्हिसाचे, म्हणजे नवऱ्याकडे राहायला जायच्या परवान्याचे, कागद आम्ही बापलेकीने घरी बसून जमवले आणि तो व्हिसा मिळाला. हे पत्र लिहायला बसलो ते मात्र आमच्या नात्यातल्या दुसऱ्या एका मुलीमुळे. तिचा अर्ज नामंजूर झाला. घरात पैसा होता, नवरा चांगला, लग्न खरे. शहरातल्या एका सल्लागाराने तिच्या वडिलांना सांगितले होते, "रकमेची काळजी करू नका, पंधरा दिवसांसाठी खात्यात दाखवून देतो, व्याज तेवढे द्या." रक्कम आली, स्टेटमेंट निघाले, रक्कम परत गेली. नामंजुरीच्या पत्रात कारण सरळ लिहिलेले होते: ही रक्कम सहा महिने अर्जदाराच्या ताब्यात असल्याचे दिसत नाही आणि ती कुठून आली त्याचा खुलासा नाही. आरोग्य अधिभार, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी आगाऊ भरायची रक्कम, परत मिळतो, अर्जाची फी मिळत नाही. ती फी गेली, व्याज गेले, आणि लग्न झालेली पोर माहेरी बसून आहे. "अजून गेली नाही का?" असे तिला येता-जाता विचारणाऱ्यांना काय सांगायचे?

नाशिक, निफाड, दिंडोरी भागातल्या कितीतरी घरांतल्या मुली आता परदेशात दिल्या जातात. या घरांचा पैसा शेतीचा असतो. शेतीचा पैसा खरा असला तरी कागदावर सरळ दिसत नाही आणि नेमका याचाच फायदा हे "दाखवून देणारे" घेतात. म्हणून आम्ही काय केले ते सविस्तर सांगतो.

ब्रिटनमध्ये कायम वास्तव्याचा हक्क असलेल्या किंवा तिथले नागरिक असलेल्या मुलाला बायको न्यायची असेल तर त्याचे वार्षिक उत्पन्न किमान २९,००० पौंड लागते. ११ एप्रिल २०२४ पासून हा आकडा आहे. त्याआधी २०१२ पासून तो १८,६०० होता. धरतात तो त्याचा तिथला पगार. मुलगी इथे सातपूर-अंबडच्या कंपनीत कितीही कमवत असो, तिचा इथला पगार यात मोजत नाहीत. तिची बचत मात्र मोजतात, आणि ती इथल्या बँकेत रुपयांत असली तरी चालते. पैसे जावयाच्या खात्यात लंडनला पाठवावे लागतात असा समज मी अनेकांच्या तोंडी ऐकला. तशी काही गरज नाही.

माझ्या जावयांचा पगार वर्षाला २५,००० पौंड. तूट ४,००० ची. ती भरून काढायचा हिशेब असा: पहिले १६,००० पौंड नुसता पाया म्हणून बाजूला ठेवायचे, त्यावर तुटीच्या अडीचपट, म्हणजे १०,०००. एकूण २६,००० पौंडांची बचत. आपल्या पैशांत तीस लाखांच्या घरात. पगार अजिबात न धरता नुसत्या बचतीवर जायचे म्हटले तर हाच आकडा ८८,५०० पौंडांवर जातो, म्हणजे कोटीची गोष्ट होते. म्हणून मुलाचा पगार, कामाचा प्रकार आणि तो त्याच कंपनीत किती महिने आहे हे सोयरीक ठरतानाच विचारावे. यात संकोच कसला? आपण मुलाच्या घरची जमीन विचारतोच की.

आता खरी अडचण. ही बचत सलग सहा महिने खात्यात असावी लागते, आणि त्या सहा महिन्यांत शिल्लक ज्या दिवशी सर्वांत कमी होती तो आकडा धरतात. सरासरी काढत नाहीत, शेवटच्या दिवसाची शिल्लकही धरत नाहीत. द्राक्षवाल्यासाठी याचा अर्थ काय होतो बघा. आमचा माल जानेवारी ते एप्रिल निघतो. पैसे त्यानंतर येतात, तेही व्यापाऱ्याच्या सवडीने. एप्रिलअखेर मुलीच्या खात्यात रक्कम गेली तर सहा महिने भरतात ऑक्टोबरअखेर, आणि ऑक्टोबर म्हणजे फळछाटणी. मजुरी, डोळे फुटण्यासाठी काडीला लावायची पेस्ट, औषधे, खते, सगळा खर्च त्याच आठवड्यांत अंगावर येतो. छाटणीनंतर पाऊस झाला तर डाऊनी या रोगाच्या भीतीने फवारण्या दुप्पट होतात. अशा वेळी मुलीच्या खात्यात पडून असलेल्या तीस लाखांतले दोन लाख आठ दिवसांसाठी उचलावेत असे कोणाला वाटणार नाही? मलाही भावांनी, मित्रांनी हेच सांगितले. पण ते दोन लाख काढले की सर्वांत कमी शिल्लक खाली येते आणि सहा महिने पुन्हा पहिल्यापासून. मी छाटणीला पीककर्ज घेतले, मुलीच्या खात्याला हात लावला नाही. व्याज पडले, ते मला परवडले. मुलीचे आणखी अर्धे वर्ष मला परवडणारे नव्हते.

रक्कम ठेवतानाही नेमकी तेवढीच ठेवू नये. पौंडाचा भाव अर्जाच्या दिवशीचा धरतात, म्हणून थोडी वरची रक्कम असलेली बरी.

खाते कोणते, हेही महत्त्वाचे. आमच्या भागात निम्म्या ठेवी पतसंस्थांत असतात. पतसंस्था सहकार खात्याच्या देखरेखीखाली असते, रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखाली नसते. व्हिसासाठी बँक नियमनाखालची लागते, त्यामुळे पतसंस्थेतली ठेव चालून जाईल असे धरून बसू नये. हाताने भरलेल्या पासबुकावरही विसंबू नये. खाते मुलीच्या एकटीच्या नावावर असावे. वडिलांबरोबरचे जोडखाते काढून नवे प्रश्न ओढवून घेऊ नयेत. मुदत ठेव चालते, फक्त ती हवी तेव्हा मोडता आली पाहिजे, दंड पडला तरी हरकत नाही. कर वाचवण्यासाठी पाच वर्षे अडकवलेली ठेव उपयोगाची नाही. सोने धरत नाहीत. जमीन आणि घरही धरत नाहीत, विकून पैसा हातात आला असेल तर गोष्ट वेगळी. आमच्या एका स्नेह्यांनी सातबाऱ्याचा उतारा आणि सराफाचा मूल्यांकनाचा दाखला जोडायची तयारी केली होती. त्यांना मी थांबवले.

पैसा कुठून आला हे सांगणे म्हणजे निर्यातीच्या पेटीसारखेच आहे. आमची पेटी युरोपला जाते तेव्हा तिच्यावरच्या नोंदीवरून माल कोणत्या प्लॉटचा हे कळते. बाग नोंदलेली, फवारण्या लिहिलेल्या, प्रयोगशाळेचा अहवाल जोडलेला. २०१० साली द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश सापडला आणि आपले कंटेनर युरोपात अडकले, तेव्हापासून कागदाशिवाय माल हलत नाही हे इथल्या प्रत्येक बागायतदाराला ठाऊक आहे. व्हिसाचा अधिकारी पैशाकडे त्याच नजरेने पाहतो. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, म्हणून आपल्यातले अनेक जण विवरणपत्र भरत नाहीत. ते नसले तरी मालाचा माग दाखवता येतो. मी जोडले ते असे: ई-पीक पाहणीत द्राक्षाची नोंद असलेला सातबारा, काट्याच्या आणि सौद्याच्या पावत्या, व्यापाऱ्याकडून आरटीजीएसने आलेली रक्कम दिसणारे माझे स्टेटमेंट, माझ्या खात्यातून मुलीच्या खात्यात गेलेली नोंद, आणि माझे नोटरी केलेले पत्र. पत्रात दोनच गोष्टी होत्या: ही रक्कम मी माझ्या मुलीला बक्षीस दिली आहे, ती कर्जाऊ नाही आणि मी परत मागणार नाही. बक्षीस चालते, उसनवारी चालत नाही. बापाने मुलीला दिलेल्या बक्षिसावर आपल्याकडे मुलीला करही पडत नाही.

हे सगळे जमले कारण त्या हंगामात मी रोखीचा सौदा घेतला नाही. किलोमागे दोन रुपये जास्त देतो, पण रोख घ्या, असे म्हणणारे भेटतात. ज्याच्या घरात परदेशी लग्न ठरले आहे त्याने ते दोन रुपये सोडून द्यावेत. रोखीने भरलेल्या रकमेला बँकेत तारीख मिळते, पण पाठीमागचा कागद मिळत नाही. शिवाय एका दिवसात एकाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणे कायद्यातच बसत नाही.

जावयांच्या बाजूचे कागद तुलनेने सोपे होते: सहा महिन्यांच्या पगारपत्रिका, तेवढ्याच काळाची बँक स्टेटमेंट, आणि काम, पगार, कधीपासून हे सांगणारे कंपनीचे पत्र. पगारपत्रिकेतला हातात पडणारा आकडा आणि बँकेत जमा झालेला आकडा जुळला पाहिजे. शेवटचे स्टेटमेंट अर्जाच्या आधीच्या २८ दिवसांतले हवे. राहत्या घराचा भाडेकरार जोडला, कारण दोघांना पुरेशी जागा आहे हेही पाहतात.

लग्न खरे आहे याच्या पुराव्यांबद्दल घराघरांत फार गोंधळ दिसतो. हजार फोटोंचा अल्बम कोणी उघडत नाही. आम्ही साखरपुड्यापासूनचे मोजके फोटो तारखा लिहून लावले, त्यांत दोन्हीकडची वडीलधारी माणसे दिसतील असे. सोबत जावयांची मुंबईची विमान तिकिटे, दर महिन्याच्या कॉलच्या नोंदी, त्यांनी मुलीला पाठवलेले पैसे. ठरवून केलेले लग्न त्यांना चालते, मात्र दोघे प्रत्यक्ष भेटलेले असले पाहिजेत. दोघांचे संदेश कोणते जोडायचे ते मुलीने ठरवले. मी ते वाचले नाहीत आणि कोणत्याही बापाने वाचायला मागू नयेत. सातत्य दिसले म्हणजे पुरे. मनातले सगळे सरकारला दाखवावे लागत नाही.

विवाह नोंदणी महापालिकेच्या विभागीय कार्यालयात होते. आमचे पंचवटी. तीन साक्षीदार, लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही, पत्रिका, फोटो. नव्वद दिवसांच्या आत करावी. साक्षीदार आणि गुरुजी गावात आहेत तोवर आठवड्याभरात उरकलेली उत्तम. नावाचे स्पेलिंग मात्र तिथेच उभे राहून तपासा. ज्ञानेश्वर हे नाव पासपोर्टवर एका पद्धतीने, आधारवर दुसऱ्या आणि विवाहाच्या दाखल्यावर तिसऱ्या, असे आपल्याकडे सर्रास होते. लग्नात नाव बदलायची आपली रीत आहे, पण पासपोर्ट, बँक आणि दाखला एका नावावर असेपर्यंत ती जरा थांबवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलीच्या सासूबाईंना मी स्वतः जाऊन हे सांगितले आणि त्यांनी मानले. मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर लागते आणि त्यावर भाषांतरकाराचे नाव, सही, तारीख, संपर्क आणि भाषांतर अचूक असल्याची कबुली हवी.

क्षयरोगाच्या तपासणीचा दाखला सहा महिने चालतो, म्हणून तो सगळ्यांत शेवटी काढावा. इंग्रजीची प्राथमिक परीक्षा आधी देऊन ठेवता येते. खर्चाचेही सांगतो, कारण सल्लागार तो तुकड्या-तुकड्यांनी सांगतात: एप्रिल २०२५ च्या दराने अर्जाची फी १,९३८ पौंड होती आणि पहिल्या व्हिसासाठी आरोग्य अधिभार ३,१०५ पौंड होता. पाच हजारांच्या वर पौंड. हे पैसे बचतीच्या रकमेतून काढायचे नाहीत, वेगळे धरायचे.

आमच्या घरी लग्न लॉन्सवर करायचे ठरत होते. ते आम्ही मळ्यातच केले आणि वाचलेली रक्कम मुलीच्या खात्यात टाकली. तोवर तिच्या त्या खात्यात शिष्यवृत्तीशिवाय काही आले नव्हते. पदवीधर मुलीच्या नावावर पैसा नाही आणि तिच्या लग्नाच्या मांडवावर लाखो रुपये, हे मला पूर्वीही पटत नव्हते.

आपल्या दैनिकातून दोन विनंत्या करतो. बँकांच्या शाखांनी अशा मुलींना प्रत्येक पानावर शिक्का-सही असलेले सहा महिन्यांचे स्टेटमेंट आणि खाते कधी उघडले, शिल्लक किती, याचे पत्र मागितल्या दिवशी द्यावे. "नेटवरून काढा" म्हणून परत पाठवू नये. आणि द्राक्षाच्या चर्चासत्रांत औषधांच्या कंपन्यांना एवढा वेळ मिळतो, त्यातला अर्धा तास एखाद्या बँक अधिकाऱ्याला या विषयासाठी द्यावा. माल निघायच्या आत हे झाले तर यंदा ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांना सौदा करतानाच खाते, पावती आणि आरटीजीएस मागता येईल.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक द्राक्ष बागायतदार,
मखमलाबाद, नाशिक