भट्टीवरचा पोटमाळा आणि डब्याची दोन झाकणे

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी कर्जतजवळ एका मित्राच्या शेतावर मी आपल्या बेकरीच्या पोटमाळ्यावर वाळलेल्या त्या शिंगाच्या धनुष्यातून पहिला बाण सोडला आणि तो चाळीस पावलांवर उभ्या केलेल्या पेंढ्यात पिसांपर्यंत रुतला. त्यानंतर बराच वेळ मला बोलता आले नाही. आपले आभार मानण्याचा प्रयत्न मी दोनदा केला आणि दोन्ही वेळा आपण "पाव किती देऊ?" असे विचारून विषय बदललात, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. आपण टाळलेत तरी निदान इतरांना ते वाचता येईल.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. हे धनुष्य एकाच लाकडाचे नसते. मध्ये बांबूचा पातळ गाभा, पोटाच्या, म्हणजे धनुर्धराकडच्या, बाजूला म्हशीच्या शिंगाची पट्टी आणि पाठीवर कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडाशी बांधणारे ते पांढरे चिवट दोर, असे तीन थर असतात. कंडरा वाळवून, कुटून, तंतू तंतू सुटे करून सरसात, म्हणजे जनावरांच्या अवशेषांपासून केलेल्या चिकट खळीत, भिजवून बसवाव्या लागतात. दोरी ओढली की शिंग दाबले जाते, कंडरा ताणल्या जातात, आणि नुसत्या लाकडाला जो बाक सोसला नसता तो हे आखूड धनुष्य सहज सोसते. घोडेस्वारांनी शतकानुशतके हीच धनुष्ये वापरली. विष्णूच्या धनुष्याला आपण शार्ङ्ग म्हणतो, तो शब्दही शृंगावरूनच, म्हणजे शिंगावरूनच, आलेला आहे. मात्र हे सगळे एकत्र धरून ठेवतो तो सरस, आणि सरसाचा वैरी म्हणजे दमटपणा. आपल्या देशात जुन्या शस्त्रागारांसाठी पोलादी धनुष्येही घडवली गेली, ती याच कारणाने. जिथे जुलै महिन्यात हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर जाते, त्या मुंबईत मी हा उद्योग मांडला होता.

माझे पहिले धनुष्य कसे गेले हे आपल्याला ठाऊक आहे, तरी ते इथे लिहिणे मला आवश्यक वाटते. एका व्यापाऱ्याने सरळ, लांब शिंगे म्हणून पैसे घेतले आणि मुऱ्हा म्हशीची वेटोळी शिंगे पाठवली, ज्यांतून वीतभर सरळ पट्टीही निघत नाही. एका प्रशिक्षकांनी विद्यार्थ्यांसमोर मला सुनावले की बाजारात कार्बनचे तयार धनुष्य मिळत असताना ही नाटके कशाला. सरसाच्या वासाबद्दल आमच्या सोसायटीने नोटीस काढली, ते मी समजू शकतो. पण गच्चीवरची बंद पडलेली खोली दोन महिन्यांसाठी मागितली तेव्हा कोणी उत्तर देण्याचेही सौजन्य दाखवले नाही. सर्वांत जास्त लागले ते एका गृहस्थांचे वागणे. त्यांच्या संस्थेत कोरड्या हवेची वातानुकूलित खोली होती. "नक्की करू, काळजी करू नका," असे त्यांनी मला तीन वेळा सांगितले, मग फोन उचलणे बंद केले, आणि त्यांच्या शब्दावर विसंबून मी थांबलो त्या पाच आठवड्यांत धनुष्याच्या पाठीवर पांढरी बुरशी चढली, सरस मऊ पडला आणि कंडरांचा थर सालीसारखा सुटून आला. नकार दिला असता तर मी दुसरी वाट शोधली असती.

पुढच्या वर्षी सोलापूरकडून पंढरपुरी म्हशीची शिंगे मिळाली, खांद्याच्या मागे जाणारी, तलवारीसारखी लांब. पण ती उशिरा हाती आली आणि कंडरांचा शेवटचा थर बसवला तेव्हा जून उजाडला होता. त्या संध्याकाळी मी माझगावला आपल्या बेकरीत नेहमीप्रमाणे पाव घ्यायला उभा होतो. आपण विचारलेत, "आज तोंड का उतरलंय?" मी सांगितले. आपण एवढेच विचारलेत, "त्याला लागतं काय?" मी म्हणालो, कोरडी, कोमट आणि सावलीची जागा, तीही चार महिने. कशापासून बनले आहे तेही मी लपवले नाही, कारण खाण्याचे पदार्थ जिथे बनतात तिथे शिंग आणि कंडरा ठेवायच्या तर मालकाला ते माहीत असायला हवे. आपण क्षणभर विचार केलात आणि म्हणालात, "पीठ खाली असतं. वर पोटमाळ्यावर ठेवा."

जागा दिलीत, त्याचे ऋण आहेच. पण मला जे विसरता येत नाही ते वेगळे आहे. दुसऱ्या दिवशी मी धनुष्य घेऊन आलो तेव्हा तुळईपासून दोन तारा आधीच सोडलेल्या होत्या, आणि प्रत्येक तारेच्या मधोमध वनस्पती तुपाच्या डब्याचे एक झाकण ओवलेले होते. झाकणाला खिळ्याने बरोबर मध्यावर भोक पाडलेले, ते खाली घसरू नये म्हणून तारेला पीळ दिलेला, आणि कडा पकडीने आत दुमडलेली, म्हणजे माझा हात कापू नये. मी विचारले तेव्हा आपण सांगितलेत की उंदीर तारेवरून उतरतो, पण झाकण डुलले की त्याला पुढे जाता येत नाही. सरस आणि कंडरा हे उंदरांचे खाद्य आहे, ही गोष्ट मी आपल्याशी बोललोच नव्हतो. खरे तर मला स्वतःलाच ती सुचली नव्हती. महिनोन्महिने मी बुरशीचा आणि सरसाचा विचार करत होतो आणि उंदरांचा विचार आपण एका रात्रीत केलात, दोन वाजता भट्टी पेटवायची असताना. ऑगस्टमध्ये त्या तुळईवर मला लेंड्या दिसल्या. धनुष्यावर मात्र एकही दात उमटलेला नव्हता.

एका रात्री साडेअकराला आपण घाबरून फोन केला होता तेही आठवते. "अहो, हे आपोआप वाकतंय! दोन्ही टोकं जवळ येतायत." कंडरा वाळताना आकसतात आणि धनुष्याला उलट्या दिशेला ओढून घेतात, ते वाळत असल्याची हीच खूण. मी तसे सांगितल्यावर आपण "मग बरंय" म्हणून फोन ठेवलात. परक्याच्या वस्तूकडे इतक्या बारकाईने पाहणारा माणूस मला त्याआधी भेटला नव्हता. ज्यांच्याकडे खोल्या होत्या, अधिकार होते आणि या विषयाचे ज्ञानही होते, त्यांनी मला आश्वासने दिली. आपल्याला धनुष्यातले काही कळत नाही असे आपण स्वतः म्हणालात, आणि तरीही ते वाचवायला काय करावे लागेल याचा विचार आपणच केलात. या शहरात अशी माणसे गल्लोगल्ली आहेत असा माझा विश्वास आहे. आपण विचारायला जातो ते मात्र नावाच्या पाट्या लावलेल्या दारांशी.

सप्टेंबरअखेर धनुष्य खाली उतरवले. त्यानंतर डाव्या हाताकडची बाजू किंचित जड होती ती घासून सारखी करण्यात आणि दोरी चढवण्याची सवय करण्यात हिवाळा गेला. उतरवलेले धनुष्य दोरीविना पार उलटे वळते. ते कोमट करून, गुडघ्याच्या आधाराने, हळूहळू मागे वळवून दोरी चढवावी लागते, आणि एक टोक निसटले तर इतक्या दिवसांचे काम तिथेच संपते. आता ते अठ्ठावीस इंच ओढायला बेचाळीस पौंडांचा जोर लागतो. अंगठ्यात कडे घालून ओढले की कुठेही कुरकुर ऐकू येत नाही.

येत्या बुधवारी दुपारी, भट्टी निवलेली असताना, मी ते घेऊन येईन. बाण सोडायला गल्लीत जागा नाही, पण दोरी आपण स्वतःच्या हाताने ओढून पाहावी अशी माझी इच्छा आहे. पोटमाळ्यावरच्या तारा काढू का, असे मी विचारले होते तेव्हा आपण "राहू देत" म्हणाला होतात. दुसऱ्या धनुष्याची शिंगे आली आहेत. या वेळी कंडरांचा शेवटचा थर मार्चमध्येच बसवणार आहे, आणि पाऊस सुरू होण्याआधी ते त्याच दोन झाकणांखाली टांगायला घेऊन येईन.

आपला कृतज्ञ,
रोज संध्याकाळी सहा पाव नेणारा