वसूला पत्र: आधी दिसलं ते, मग वाटलं ते

सांगली,
१२ जुलै

प्रिय वसू,

परवा फोनवर तू घाईत होतीस आणि माझाही तास सुरू होणार होता, म्हणून आता निवांत लिहायला बसले आहे. अकरावीचा मास मीडिया स्टडीजचा वर्ग तुझ्याकडे आला हे ऐकून मला मनापासून आनंद झाला. तू म्हणालीस, "मी मराठीची बाई, मला एडिटिंग कुठून येणार?" अगं, एडिटिंग मुलं एकमेकांकडून आठवड्याभरात शिकतात. त्यांच्याजवळ बसून एखादी गोष्ट सावकाश वाचायला लावणारं माणूस मात्र त्यांना क्वचित मिळतं. कवितेच्या एका ओळीवर अख्खा तास घालवणारी तू, या वर्गाला तूच हवी होतीस.

आधी कागदावरचं सांगते. सीबीएसईचा हा कौशल्य विषय आहे, कोड ८३५. लेखी ६० गुणांची आणि प्रात्यक्षिक ४० चं. लेखीतले १० गुण एम्प्लॉयबिलिटी स्किल्सचे, म्हणजे नोकरीसाठी लागणाऱ्या सर्वसाधारण कौशल्यांचे. तो भाग शेवटावर ढकलू नकोस, आत्ता पावसाळ्यातच संपव. कच्च्या मुलांना तिथे हमखास गुण मिळतात आणि "आपल्याला जमतंय" असं वर्षाच्या सुरुवातीलाच वाटू लागतं. बाकीचा अभ्यासक्रम तू एकदा वाचलास की कळेलच.

खरी अडचण वेगळीच आहे. पुष्कळ ठिकाणी गणित जमत नाही, शास्त्र जमत नाही, त्या मुलांना या विषयाकडे वळवतात. मुलांना ते बरोबर कळतं. आपण कमी म्हणून इथे आलो असं मनात धरूनच ती बाकावर बसतात. त्यांना धीर द्यायला भाषण करू नकोस. पहिल्याच आठवड्यात त्यांच्याकडून नीट, अवघड असं काहीतरी करून घे आणि ते जमल्यावर त्यांना दाखव, की बघा, हे तुम्ही केलंत. माझ्या वर्गात जे काही चांगलं घडलं ते एका साध्या सवयीमुळे, म्हणून तीच तुला नीट सांगते.

वहीचं पान मधोमध उभी रेघ मारून दुभागायला सांगायचं. डावीकडे लिहायचं काय दिसलं आणि काय ऐकू आलं. उजवीकडे काय वाटलं, काय अर्थ लागला. डावी बाजू भरल्याशिवाय उजवीकडे पेन न्यायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण मुलांना हे फार जड जातं. एखादी जाहिरात दाखवली की लगेच हात वर होतात, "बाई, यात स्त्रियांना कमी लेखलंय." बरोबर असेलही. मी विचारते, तुला कशावरून कळलं? कोण उभं आहे, कोण बसलंय? कॅमेरा कुणाकडे खालून वर बघतोय? आवाज कुणाचा? शेवटचं वाक्य कुणाच्या तोंडी? मग ती परत बघतात. आणि तिसऱ्यांदा बघताना एखादं मूल असं काही टिपतं, जे मला स्वतःला दिसलेलं नसतं. गेल्या वर्षी साबणाच्या एका जाहिरातीत पूर्ण वेळ वडिलांचे फक्त हात दिसतात, चेहरा दिसत नाही, हे एका मुलीने पकडलं. ती मुलगी तोवर वर्गात बोलतच नव्हती.

जाहिरातींच्या धड्यात नियमांचाही भाग येतो, आणि तिथे मुलं कंटाळतात. एएससीआय (ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया) ही जाहिरात क्षेत्राने स्वतःहून १९८५ साली स्थापलेली संस्था, एवढंच लिहून दिलं तर ती पाठ करून विसरतात. त्याऐवजी गोरेपणाच्या क्रीमच्या जुन्या जाहिराती आधी दाखव आणि दोन रकाने भरून घे. मग सांग, की २०१४ मध्ये याच संस्थेने नियम काढले आणि सावळ्या रंगाच्या माणसांना दुःखी, न्यूनगंडाने पछाडलेली किंवा नोकरी-लग्नात मागे पडलेली दाखवायचं नाही असं ठरवलं. मुलांच्या डाव्या रकान्यात नेमकं तेच लिहिलेलं असतं. नियम कुठून येतात हे त्यांना एका झटक्यात उमगतं.

संकलनाचा, म्हणजे एडिटिंगचा धडा आला की कुलेशॉव्हचा प्रयोग कर. १९२० च्या आसपास रशियात लेव्ह कुलेशॉव्हने एका नटाचा एकच निर्विकार चेहरा घेतला आणि त्याच्या शेजारी कधी सूपची वाटी, कधी शवपेटीतली लहान मुलगी, कधी पलंगावर रेललेली स्त्री जोडली. बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यावर कधी भूक, कधी दुःख, कधी अभिलाषा दिसली. वर्गातल्या एखाद्याचा चेहरा घेऊन हे फोनवर सहज करता येतं. आमच्याकडे एकाचा चेहरा, मग पिठलं-भाकरीचं ताट, मग निकालाचा कागद, मग रिकामा बाक असं केलं होतं. दुसऱ्या वर्गातल्या मुलांना दाखवलं तर ती म्हणाली, काय अभिनय केलाय! ज्याचा चेहरा होता तो तर नुसता भिंतीकडे बघत होता.

इथेच थांबू नकोस, वसू. हा विषय करमणुकीचा नाही हे मुलांना याच टप्प्यावर कळतं. २०१८ मध्ये मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा देशभर फिरत होत्या तेव्हा एक व्हिडिओ फार फिरला होता. मोटारसायकलवरून दोघं येतात आणि रस्त्यावर खेळणारं मूल उचलून नेतात. मूळ चित्रफीत कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेबद्दल जागृती व्हावी म्हणून केलेली होती. तिच्यात ते दोघं मुलाला परत आणून सोडतात आणि हातातला फलक दाखवतात. फिरणाऱ्या तुकड्यात तो शेवट कापून टाकलेला होता. बाकी काही बदललेलं नव्हतं, नुसता शेवट काढला होता. कुलेशॉव्ह केल्यानंतर हे सांगितलं की वर्ग एकदम गप्प होतो, कारण एक तुकडा इकडचा तिकडे केला की अर्थ कसा फिरतो हे त्यांनी स्वतःच्या हाताने करून बघितलेलं असतं.

त्याच अफवांच्या लाटेत १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडे बाजाराच्या दिवशी जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची भिक्षेकरी माणसं होती ती. तू सोलापूरची, तुला हे माझ्याहून जास्त लागलं असणार. मी हा प्रसंग दरवर्षी शिकवते. त्या मारहाणीचा व्हिडिओ दाखवत नाही, तूही दाखवू नकोस. फक्त विचारते, फोनवर आलेला मजकूर समोर आहे, डाव्या रकान्यात काय लिहाल? गाव लिहिलंय? तारीख? कुणी बघितलं, त्याचं नाव? रकाना रिकामाच राहतो. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली, तेही सांगते. कंपनी एवढं करू शकते. रिकामा रकाना ओळखणं मात्र ज्याच्या हातात फोन आहे त्यालाच करावं लागतं, आणि आपली ही मुलं घरात सगळ्यांचे फोन नीट करून देणारी आहेत. आजोबा त्यांनाच विचारतात, "हे खरं आहे का रे?"

आता प्रकल्पांबद्दल. गट पाडताना एक काळजी घे. ज्याचा फोन चांगला तो आपोआप दिग्दर्शक होतो आणि ज्याच्याकडे फोनच नाही ती मुलगी चहा आणायला जाते. माझ्या वर्गात नियम आहे, की फोन ज्याचा त्याने चित्रण करायचं नाही. तो आवाज सांभाळेल, प्रश्न लिहील किंवा नोंदी ठेवेल. पालकांशी आधी बोलून घ्यावं लागतं, कारण महागडा फोन दुसऱ्याच्या हातात द्यायला घरचे तयार नसतात. शाळेचा एक साधा फोन मिळवता आला तर प्रश्नच मिटला. मुख्याध्यापकांच्या मागे लाग.

आणि सुरुवात चित्रापेक्षा आवाजाने कर. पहिला प्रकल्प रेडिओचाच ठेव. पंखा बंद करायचा, खिडकीला जाड चादर लावायची, बोलणं संपल्यावर त्या खोलीची नुसती शांतता मिनिटभर रेकॉर्ड करून ठेवायची, म्हणजे जोडताना खाचा कळत नाहीत. चेहऱ्याची लाज वाटणारी मुलं आवाजात खुलतात. अडखळणारा एक मुलगा आमच्याकडे आहे. त्याने बाजार समितीतला हळदीचा सौदा रेकॉर्ड करून आणला आणि त्यावर स्वतः निवेदन केलं. पुन्हा पुन्हा रेकॉर्ड केलं, पण शेवटी पूर्ण केलं. जमलं तर मुलांना म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनी या सामुदायिक रेडिओ केंद्रावर घेऊन ये, ९०.४ वर ऐकू येते. दुष्काळी तालुक्यातल्या बायका आपल्या बोलीत माइकसमोर कशा बोलतात ते बघितलं की निवेदक म्हणजे शहरी गुळगुळीत आवाज हा समज आपोआप सुटतो.

माहितीपट दुसऱ्या सत्रात. आमच्या भागात कारखाने सुरू झाले की बीडकडच्या ऊसतोड टोळ्या येतात, शिवारात त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या पडतात, त्यामुळे दरवर्षी एक तरी गट तोच विषय घेतो. गेल्या वर्षीच्या गटाने पहिलं चित्रण आणलं ते असं: एका लहान मुलीचा धुळीने माखलेला चेहरा अगदी जवळून, खाली करुण बासरी. मी त्यांना दोन रकाने भरायला बसवलं. डावीकडे लिहिलं गेलं, मुलगी उभी आहे, हातात वाढ्यांची (उसाच्या शेंड्यांची) पेंढी आहे, ती हसते आहे. हसते आहे! बासरीमुळे ते त्यांना स्वतःलाच दिसलं नव्हतं. मग ती परत गेली, कॅमेरा न काढता आधी आईवडिलांशी बोलली, मुकादमाशी बोलली. नवी फिल्म झाली ती पहाटे चारला उठून मोळ्या बांधण्यापासून गाडी भरेपर्यंतच्या कामाची, आणि मुलांची शाळा मध्येच कशी तुटते याची. आईने स्वतः सांगितली ती गोष्ट. बासरी नव्हती. मुलीचा चेहराही घेतला नाही.

इतिहासाचा भाग मुलांना सनावळ्यांमुळे नकोसा होतो. १८३२ दर्पण, १९१३ राजा हरिश्चंद्र, १९७२ मुंबई दूरदर्शन, हे भिंतीवर एका ओळीत लाव आणि खाली मुलांच्या घरची ओळ लावायला सांग. घरात पहिलं वर्तमानपत्र, पहिला रेडिओ, पहिला टीव्ही, पहिला फोन कधी आला, कुणी आणला. रेडिओ बाळगायला पूर्वी पोस्टातून लायसन्स काढावं लागे, ते पुस्तक एखाद्या आजोबांच्या ट्रंकेत हमखास निघतं. पुढचं त्यांचं तेच करतात.

उत्तरं लिहिण्याबद्दल एकच. तुझ्या मुलांना इंग्रजीत लिहायचं आहे आणि विचार मराठीत येतो. आधी मराठीत बोलू दे, रकाने मराठीत भरू दे. मग इंग्रजीत एक वाक्य डावीकडचं, एक उजवीकडचं, अशी जोडी लिहायला शिकव. परीक्षकाला पुरावा आणि मत दोन्ही मिळतात, आणि इंग्रजी साधं असलं तरी उत्तर उभं राहतं.

पालक विचारतील, याचं पुढे काय? त्यांना सांग, की सीयूईटी या विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षेत मास मीडिया हा विषय निवडता येतो, आणि पदवीला पत्रकारिता, जाहिरात, चित्रपट अशा वाटा आहेत. मात्र वचन देऊ नकोस. त्या क्षेत्रात नोकऱ्या अवघड आहेत हेही त्यांना कळायला हवं.

सहामाहीच्या आधी तुझ्या दोन-तीन मुलांच्या वह्यांचे फोटो मला पाठव. शक्यतो जी मुलं काहीच लिहीत नाहीत त्यांचे. काकूंच्या गुडघ्याचं काय झालं तेही कळव.

तुझी,
मेधा

ता. क. : कुठल्याही मुलाचं चित्रण करण्याआधी पालकांची लेखी संमती घ्यायला लाव, आमच्या शाळेतला नमुना सोबत पाठवते आहे. पीडित, साक्षीदार, गुन्ह्यात अडकलेल्या किंवा काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख माध्यमांत उघड करायला २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने मनाई आहे. हे कलम मुलांनी कॅमेरा हातात घ्यायच्या आधी वाचलेलं असू दे.