बाहेरचा आकडा म्हणजे आपल्या खिडकीचा आकडा

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, बातम्यांत सांताक्रूझचं तापमान ३४ अंश सांगतात आणि घरातलं-बाहेरचं तापमान व आर्द्रता दाखवणारं आपलं यंत्र दुपारी ४१ दाखवतं, म्हणून ते बिघडलंय असं तुम्ही धरून चालला आहात. ते बिघडलेलं नाही. त्याचा बाहेरचा, बिनतारी आकडा पाठवणारा सेन्सर उन्हात टांगलाय, त्यामुळे तो हवेचं नाही, स्वतःच्या तापलेल्या प्लॅस्टिकचं तापमान सांगतोय. हवामान खातं कुलाब्याला आणि सांताक्रूझला तापमापक ठेवतं, तो झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत, जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटरवर. आपल्या ग्रिलमध्ये तशी पेटी नाही, तेव्हा निदान जागा तरी नीट निवडू.

उत्तरेची खिडकी बरी, असं सगळे सांगतात. मुंबईत ते अर्धवटच खरं आहे. आपण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहोत, त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत भर दुपारीही सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. सकाळ-संध्याकाळची तिरपी उन्हं तर एप्रिलपासूनच उत्तरेच्या भिंतीवर येतात. म्हणून दिशेपेक्षा छज्जा बघा. छज्ज्याखाली, भिंतीपासून चार बोटं सुटा, वारा लागेल असा सेन्सर हवा. भिंतीला चिकटून असला तर दिवसभर तापलेलं काँक्रीट रात्रीही त्याला ऊब देतं आणि किमान तापमान चुकतं. शेजाऱ्यांच्या एसीचं बाहेरचं युनिट ज्या बाजूला गरम हवा फेकतं, ती बाजू टाळा. आणि आई, वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीपासूनही लांब, नाहीतर आर्द्रता कपड्यांचीच दिसेल.

टांगण्यासाठी तुम्ही दोघांनी स्टुलावर चढायचं नाही. इलेक्ट्रिशियन येईल तेव्हा त्याच्याकडून करून घ्या. नुसत्या खिळ्यावर नको, प्लॅस्टिकच्या पट्टीने ग्रिलला बांधायला सांगा. वाऱ्याने निसटला तर खाली कुणाच्या तरी डोक्यात पडेल.

आता दुसरी तक्रार, सेल बदलल्यावर बाहेरच्या जागी नुसत्या रेघा येतात ती. पुष्कळ सेन्सर सेल काढून घातले की स्वतःला नवा क्रमांक देतात. घरातलं यंत्र मात्र जुन्याच क्रमांकाची वाट बघत बसतं. सेन्सर बोलतोय, पण हे त्याला ओळखत नाही. म्हणून सेल एकाचेच बदलले तरी जोडणी दोघांची नव्याने करायची. दोन्हींतले सेल काढा आणि मिनिटभर थांबा. आधी सेन्सरमध्ये सेल घाला, त्याचा बारीक लाल दिवा लुकलुकेल. मग दोन-तीन मिनिटांच्या आत घरातल्या यंत्रात घाला. (यंत्रासोबत आलेल्या कागदावर क्रम उलटा दिला असेल तर कागदाचं ऐका.) दोन्ही एकाच टेबलावर, हातभर अंतरावर ठेवा आणि पंधरा मिनिटं एकही बटण दाबू नका. बाबा, हे खास तुमच्यासाठी, कारण मध्येच बटण दाबलं की बऱ्याच यंत्रांत शोध थांबतो. आकडा आल्यावरच सेन्सर बाहेर न्यायचा.

कधी रेघा न येता आकडाच भलता येतो, म्हणजे बाहेर पाऊस आणि यंत्रावर एसीच्या खोलीसारखे २४ अंश. तेव्हा इमारतीत आणखी कुणाकडे असंच यंत्र असून आपलं त्यांच्या सेन्सरला जोडलं गेलं असण्याचा संभव आहे. सेन्सरच्या सेलच्या कप्प्यात १-२-३ असा सरकता खटका असतो. तो २ वर करा, घरातल्या यंत्रावरही चॅनेल २ ठेवा आणि जोडणी पुन्हा करा.

खोक्यावर सेन्सरचा पल्ला ६० मीटर लिहिलेला असतो, ते मोकळ्या मैदानातलं. आपल्याकडे मध्ये सळयांची भिंत, फ्रिज आणि लोखंडी कपाट आहे. यंत्र कपाटावर किंवा टीव्हीशेजारी ठेवू नका. अशी बरीचशी यंत्रं ४३३ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवर चालतात, म्हणजे त्यांची लहर साधारण ७० सेंटीमीटरची असते. भिंतींवरून परतलेल्या लहरी काही जागी एकमेकींना मारतात, त्यामुळे यंत्र वीतभर डावी-उजवीकडे सरकवूनसुद्धा गेलेला आकडा परत येतो. नवीन घ्यायच्या गोष्टी करण्याआधी एवढं करून बघा.

सेल अल्कलाइन घ्या, दोन्ही नवे, एकाच कंपनीचे. रिमोटमधले अर्धे वापरलेले नकोत. चार्जिंगचे तर नकोतच. ते १.२ व्होल्टचे, साधे १.५ चे. दोन मिळून ३ च्या जागी २.४ व्होल्टच होतात आणि सिग्नल कमजोर पडू शकतो. समुद्राच्या खाऱ्या हवेने आतल्या स्प्रिंगांवर हिरवट थर धरतो. सेल काढून, कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा, मग ओल्या काडीने, मग कोरडं करून तासभर उघडं ठेवा. झाकणाची रबरी कड नीट बसलीय ना तेही बघा, पावसाचं पाणी तिथूनच शिरतं.

पडद्यावर मनोऱ्यासारखं चिन्ह लुकलुकतं, ते सेन्सरचं नाही. परदेशी बनावटीचं असं यंत्र जर्मनीतून किंवा अमेरिकेतून रेडिओवर येणारी वेळ शोधत असतं. ती मुंबईत मिळायची नाही. ती सोय बंद करून घड्याळ हाताने लावा.

खरेपणा तपासायचा असेल तर दोन्ही भाग पंख्याखाली शेजारी शेजारी दोन तास ठेवा. एखाद अंशाचा फरक चालतो. आर्द्रतेसाठी आई, तुझ्या स्वयंपाकघरातच उपाय आहे. वाटीभर मिठात चमचा-चमचा पाणी घालून ओलसर लगदा कर, विरघळू देऊ नको. ती वाटी आणि सेन्सर घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेव, मीठ सेन्सरला न लागता. सकाळी ७५ टक्क्यांच्या आसपास दिसायला हवं. ७० ते ८० मध्ये काहीही आलं तरी सेन्सर ठीक आहे. पावसाळ्यात तो दिवसचे दिवस ९५ वर अडकला तर घरात आणून पंख्याखाली वाळव. हेअर ड्रायर नको. झुरळांचा स्प्रे त्याच्या जवळपास मारू नको, त्या वाफांनी आर्द्रतेचा भाग कायमचा बिघडू शकतो.

तुमची,
लेक

ता. क. बाबा, सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी दाखवणारे आकडे पुसेपर्यंत तसेच राहतात. सेन्सर सावलीत हलवलात की ते एकदा पुसा, नाहीतर जुने ४१ बघून पुन्हा मला फोन कराल.